कविवर बनारसीदास : सुख-दुःखाची दोन खाती



संस्थेच्या सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा मनात संकोच निर्माण झाला. मी पंडित नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि वडिलांच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. स्वाध्यायात जे कानावर पडले आणि रात्री दुकान वाढवल्यानंतर जे वाचनात आले, तेवढीच माझी शिदोरी. तथापि एक प्रश्न कैक वर्षे मनात घर करून आहे आणि त्या प्रश्नाच्या निमित्ताने एका महापुरुषाचे चरित्र माझ्या फार जवळचे झाले आहे. तेच येथे यथामती सांगतो.

प्रश्न असा, की दुःख नसेल तर सुखाला काही अर्थ उरतो काय? उन्हाशिवाय सावलीची गोडी नाही, भुकेशिवाय अन्नाची चव नाही, असे आपण सहज बोलून जातो. मीही बोललो आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी बाजारपेठेतील एका व्यापारी मित्राचा कर्तासवरता मुलगा अकस्मात गेला. सांत्वनासाठी गेलो असता, दुःख भोगल्याखेरीज सुखाचे मोल कळत नाही, अशा अर्थाचे काहीतरी मी त्यांना म्हणालो. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि काही न बोलता पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. पुढे काही वर्षांनी माझी सहधर्मचारिणी गेली. तेव्हा माझेच ते वाक्य भेटावयास आलेल्या चार जणांच्या मुखातून मला ऐकावयास मिळाले. त्या दिवशी मित्राच्या त्या नजरेचा अर्थ उमगला. त्याच चातुर्मासात पाठशाळेच्या कपाटातून ‘अर्धकथानक’ हा ग्रंथ मी घरी आणला. पंडित नाथूराम प्रेमी यांनी तो १९४३ साली मुंबईहून संपादित करून प्रसिद्ध केला होता. कविवर बनारसीदासांचे हे स्वतःच लिहिलेले चरित्र हिंदी भाषेतील पहिले आत्मचरित्र मानले जाते.

बनारसीदासांचा जन्म वि. सं. १६४३ च्या माघ महिन्यात जौनपूर नगरीत झाला. अकबर बादशहाचा तो काळ. कुळ श्रीमाळ, पिता खरगसेन जवाहिराचा व्यापार करीत. खरगसेनांचे पहिले अपत्य जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेले होते. पुत्रप्राप्तीसाठी ते सपत्नीक रोहतकच्या सतीच्या यात्रेला निघाले, तर वाटेत चोरांनी त्यांना पुरते लुटले. मागावयास गेले पुत्र आणि होते तेही गमावून परत आले. हा प्रसंग कविवरांनी कडवटपणा न आणता, काहीसा हसतच सांगितला आहे. पुढे बनारसीदास जन्मले तेव्हा त्यांचे नाव विक्रमाजीत ठेवले होते. सहा-सात महिन्यांच्या बाळाला घेऊन मातापिता पार्श्वनाथ भगवंतांच्या दर्शनास बनारसला गेले. तेथील पुजाऱ्याने ध्यानाचे सोंग केले आणि प्रभूंच्या जन्मनगरीचे नाव दिल्यास बालक दीर्घायुषी होईल, असे यक्षाने सांगितल्याची बतावणी केली. भोळ्या पित्याने ते मानले. आपले नावच एका लबाडीतून आले, हे सांगण्यासही हा मनुष्य लाजत नाही! येथूनच मला त्यांचा विश्वास वाटू लागला.

अकराव्या वर्षी खैराबाद येथील कल्याणमल्ल यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. वरात जौनपूरला परतली, नववधूने उंबरठा ओलांडला. त्याच दिवशी त्यांच्या मातेला कन्यारत्न झाले आणि त्याच दिवशी त्याच घरात वृद्ध नानीने प्राण सोडला. वाचकहो, त्या घराचे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. एका दालनात नववधूचे कोडकौतुक, दुसऱ्यात बाळंतिणीची लगबग आणि तिसऱ्यात तिरडीची तयारी. यांतील कोणत्या प्रसंगाने कोणत्या प्रसंगाला अर्थ दिला, हे कसे सांगावे? नानीचे जाणे झाले नसते तर वधूचे येणे फिके पडले असते काय? मला तसे वाटत नाही. तिन्ही गोष्टी एका छपराखाली घडल्या, एवढेच खरे. हा संसाराचा विचित्र खेळ आहे, असा खेद व्यक्त करून कविवरही पुढे जातात. एकीची दुसरीशी वजावट ते करीत नाहीत.

त्यानंतर लवकरच, वि. सं. १६५५ मध्ये, जौनपूरचा अधिकारी किलीच खान याने नगरातील सगळ्या जवाहिऱ्यांना पकडून कोठडीत डांबले. त्याला हवी असलेली वस्तू त्यांच्याजवळ नव्हती. चाबकाचे फटके देऊन त्याने त्यांना सोडले आणि सोडताक्षणीच सारे जवाहिरे कुटुंबकबिल्यासह परागंदा झाले. खरगसेन भर पावसात, अंधाऱ्या रात्री, रडत-भिजत शहजादपूरला पोहोचले. तेथे करमचंद नावाच्या एका वैश्य सज्जनाने आपले घर त्यांच्या स्वाधीन केले. धान्य, भांडी, खाटा, अंथरूण-पांघरूण सारे काही भरलेले. दहा महिने कुटुंब तेथे सुखाने राहिले. फटक्यांचे वळ आणि परक्याची माया पाठोपाठ आली.

या ठिकाणी कविवर कथा थांबवून सुख-दुःखाचा विचार मांडतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मूढ मनुष्याला सुख आणि दुःख ही दोन दिसतात. सुखात तो सुखी, दुःखात दुःखी. ज्ञानी मात्र दोहोंत सारखाच राहतो. यासाठी त्यांनी सूर्याचा दृष्टांत दिला आहे, जो उगवताना लाल असतो आणि मावळतानाही लालच असतो. आपल्या शास्त्रातही हेच आहे. साता वेदनीय आणि असाता वेदनीय हे एकाच कर्माचे दोन भेद. भगवान कुंदकुंदाचार्यांनी ‘समयसारा’त सोन्याच्या आणि लोखंडाच्या बेडीचे उदाहरण दिले आहे, ते आपण सर्वांनी ऐकले आहेच. शिवाय असे पाहा, सुखाला दुःखाचा आधार लागतच असता, तर सिद्ध परमेष्ठींचे अनंत सुख बेचव ठरले असते, कारण सिद्धशिलेवर दुःखाचा लवलेशही नाही. म्हणजे सिद्धांतापुरते माझ्या प्रश्नाचे उत्तर केव्हाच मिळालेले आहे. परंतु सिद्धांत समजला म्हणून मित्रापुढे काय बोलावे ते समजते, असे नाही. म्हणून मी पुढे वाचत राहिलो.

तारुण्यातील त्यांचे उद्योग थोडक्यात सांगतो. पंडित देवदत्तांकडे कोश, ज्योतिष, अलंकारशास्त्र शिकत असतानाच त्यांना प्रेमाचे वेड लागले. पित्याच्या पेटीतील माणके-मोती चोरून ते प्रेयसीसाठी खर्च करू लागले. एक हजार दोहे-चौपायांचा ‘नवरस’ नामक ग्रंथही रचला, त्यात शृंगारच अधिक. खैराबादला गेले असता अंगभर व्रण उठले, केस गळले. जवळ बसावयास कोणी धजेना. केवळ पत्नी आणि सासू या दोघींनी हाताने सेवा केली आणि एका नापिताच्या औषधाने गुण आला. एका संन्याशाने दिलेला मंत्र वर्षभर गुपचूप जपल्यास दाराशी रोज सोन्याची एक दीनार सापडेल, या आशेवरही ते वर्षभर राहिले. दीनार अर्थातच सापडली नाही. वाण्याचा मुलगा असून असा हिशेब चुकला!

इ.स. १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या निधनाची वार्ता जौनपुरात आली. बनारसीदास घराच्या जिन्यावर बसले होते. ऐकताच घेरी येऊन ते खाली पडले, कपाळ फुटले, अंगण रक्ताने माखले. मातेने कापड जाळून त्याची राख जखमेत भरली. इकडे नगरात हाहाकार उडाला. दुकाने बंद झाली, लोकांनी दागिने जमिनीत पुरले, भारी वस्त्रे लपवून जाडीभरडी वस्त्रे अंगावर चढवली. श्रीमंत कोण नि गरीब कोण, हे ओळखू येईना. आम्हा कापडवाल्यांचा सारा धंदाच माणसामाणसांतील भेद दाखवण्यावर चालतो. तो भेद एका दिवसात जाड्याभरड्या कापडाखाली झाकला गेला, हे वाचून मला मोठी गंमत वाटली. दहा दिवसांनी जहांगीर गादीवर बसल्याचे पत्र आग्र्याहून आले आणि नगर पुन्हा सजले.

त्यानंतर एके संध्याकाळी गोमती नदीच्या पुलावर मित्रांसमवेत ‘नवरस’ वाचत असता त्यांच्या मनात आले, की एक असत्य बोलणारा नरकाला जातो, मग आपण तर हजार पद्ये भरून असत्य लिहिले आहे. त्यांनी पोथी सरळ नदीत सोडून दिली. पाने पाण्यावर पसरली, मित्र हळहळले, पण ती आता कोण गोळा करणार? त्या दिवसापासून ते धर्माकडे वळले.

वि. सं. १६६७ मध्ये पित्याने चोवीस वर्षांच्या पुत्राला व्यापारासाठी आग्र्याला पाठवले. सोबत माणके, पाचू, नीलम, वीस मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि दोनशे रुपयांचे जौनपुरी कापड दिले. वाटेत इटाव्याजवळ असा पाऊस लागला, की कोणी आसरा देईना. शेवटी चौकीदारांच्या झोपडीत जागा मिळाली, तर एक दांडगट गडी आला, आपली खाट टाकून वर झोपला आणि या तिघांना खाटेखाली गोणपाटावर झोपावे लागले. आग्र्याला कापड तोट्यात गेले, तुपा-तेलात चार रुपये सुटले. इजारीच्या नाडीत बांधलेली रत्ने कुठे पडली, कळले नाही. कापडात गुंडाळून ठेवलेली माणके उंदरांनी नेली. माझ्या पहिल्या मोठ्या खरेदीतील ताग्यांवर हंगाम उलटून गेला आणि वडिलांनी रात्री वही मिटून ठेवली, तो दिवस मला येथे आठवल्याशिवाय राहिला नाही.

आता पुढचा भाग मला या चरित्रातील सर्वांत गोड वाटतो. जवळ कवडी उरली नव्हती, बाजारात तोंड दाखवण्याची सोय नव्हती. बनारसीदास दिवसा घरात बसून राहत आणि रात्री ‘मधुमालती’ व ‘मृगावती’ या प्रेमकथा गाऊन वाचत. दहा-वीस श्रोते जमत. त्यांतच एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून ते रोज उधारीवर कचोऱ्या घेत. एके दिवशी तो एकटा असताना त्यांनी त्याला बाजूस घेऊन खरे ते सांगितले, की मजजवळ काही नाही, तू उधार देणे बंद कर. त्या भल्या गृहस्थाने उत्तर दिले, की वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, कोणी काही म्हणणार नाही. सहा-सात महिने असे चालले. पुढे धरमदास यांच्याबरोबर भागीदारी जमून चार पैसे हाती येताच त्याचे चौदा रुपये त्यांनी चुकते केले.

व्यापारी या नात्याने मी या उधारीचा बराच विचार केला आहे. रत्ने गेली, अब्रू गेली, घरी पित्याला काय सांगावे याची लाज. आणि त्याच दिवसांत, दुःख सरण्याची वाट न पाहता, रात्री कथा रंगत होत्या. मी मित्राला म्हणालो होतो, की आधी दुःख, मग त्यातून सुखाची पारख. परंतु आग्र्याच्या त्या खोलीत सुख आणि दुःख मागे-पुढे नव्हती, शेजारी-शेजारी बसलेली होती. कथा गोड लागली ती कथा म्हणून, कचोरी गोड लागली ती कचोरी म्हणून आणि त्याहून गोड त्या माणसाची दानत.

याचेच दुसरे रूप काही वर्षांनी आले. बनारसीदास आपले जिवलग मित्र नरोत्तमदास यांच्यासह पूर्वेकडे व्यापारासाठी फिरत असताना खैराबादहून पत्र आले. पत्नी प्रसूत झाली, पुत्र झाला. परंतु पंधरा दिवसांत माता आणि बालक दोघेही निवर्तले. आणि त्याच पत्रात पुढे लिहिले होते, की दिवंगत पत्नीच्या धाकट्या बहिणीशी त्यांचा संबंध ठरला असून नापित नारळ घेऊन आला आहे. हीच ती पत्नी, जिने कोणी शिवत नसताना त्यांचे व्रण धुतले होते, संकटकाळी साठवलेले वीस रुपये गुपचूप काढून दिले होते. तिच्या मृत्यूची आणि नव्या सोयरिकीची वार्ता एकाच कागदावर! कविवर या प्रसंगी स्वतःला लोहाराच्या सांडशीची उपमा देतात, जी क्षणात आगीत तर क्षणात पाण्यात असते. आगीमुळे पाण्याचे सुख सांडशीला अधिक कळते, असे मात्र ते म्हणत नाहीत. मी ते पान पुनःपुन्हा वाचून पाहिले.

इ.स. १६१६ मध्ये पिता गेले. त्याच सुमारास आग्र्यात गाठीच्या तापाची साथ आली, लोक घरेदारे सोडून पळाले, कविवरही जवळच्या गावी जाऊन राहिले. एकूण तीन विवाह झाले. वि. सं. १६८० मध्ये अरथमल ढोर यांनी त्यांच्या हाती ‘समयसारा’वरील पांडे राजमल्ल यांची भाषाटीका ठेवली. ग्रंथ वाचला, पण पचला नाही. क्रिया तर सुटली आणि आत्म्याचा स्वाद आला नाही, अशी बारा वर्षे गेली. मित्रांसह कोठडीत नग्न होऊन मुनींची नक्कल करण्यापर्यंत मजल गेली, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. वि. सं. १६९२ मध्ये पंडित रूपचंद आग्र्यास आले. त्यांनी ‘गोम्मटसार’ समजावला. गुणस्थानाप्रमाणे आचार कसा असतो ते उलगडले आणि कविवरांचा संशय फिटला. पुढच्याच वर्षी, इ.स. १६३६ मध्ये, ‘नाटक समयसार’ पूर्ण झाले. आजही कित्येक मंदिरांत ते नित्य वाचले जाते.

असा हा तत्त्वज्ञ. सुख-दुःख समान लेखण्याची विद्या ज्याने पद्यात बांधली, त्याच्या घरी काय घडले? दोन कन्या आणि सात पुत्र, अशी नऊ अपत्ये झाली आणि नऊही गेली. पती-पत्नी दोघेच उरले, पानगळीनंतर खुंटासारख्या उभ्या राहणाऱ्या झाडांसारखे. लगेच पुढे ते म्हणतात, की तत्त्वदृष्टीने पाहिल्यास परिग्रह जितका घटेल तितकी शांती वाढते. येथे मी दरवेळी थबकतो. मुलेबाळे म्हणजे परिग्रह, हे शास्त्राने सांगितले ते खरेच; परंतु नऊ मुलांच्या बापाने ते लिहिताना लेखणी किती जड झाली असेल?

याचे उत्तर ग्रंथाच्या शेवटी आहे. शेवटचा उरलेला पुत्र नऊ वर्षांचा होऊन वि. सं. १६९६ मध्ये गेला. ‘नाटक समयसार’ पूर्ण होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. कविवर कबूल करतात, की मोह फार बलवान आहे, जाणता असो वा अजाण, तो दोघांनाही सारखेच करून टाकतो. आणि दोन वर्षे उलटली तरी आपला मोह शांत झालेला नाही. या शोकाने मला सुखाची किंमत शिकवली, असे एक अक्षरही त्यांनी लिहिले नाही. सिद्धांत त्यांनी खोटा म्हटला नाही आणि शोकही लपवला नाही. दोहोंची नोंद आपापल्या पानावर तशीच ठेवली. आम्हाला महाविद्यालयात शिकवले, की प्रत्येक नोंदीला समोर दुसरी नोंद असते आणि शेवटी दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. मला वाटते, मित्राच्या घरी मी तीच सवय घेऊन गेलो होतो. त्यांच्या मुलासमोर काहीतरी जमा मांडावयास. बनारसीदासांनी स्वतःच्या मुलासमोर काहीही जमा मांडले नाही.

त्याच अवस्थेत, वि. सं. १६९८ म्हणजे इ.स. १६४१ मध्ये, पंचावन्न वर्षांच्या वयात, आग्र्यात त्यांनी ६७५ पद्यांचे हे आत्मचरित्र पूर्ण केले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून आपण अर्धी कथा सांगितली, म्हणून ‘अर्धकथानक’. उरलेली अर्धी त्यांना लाभली नाही. त्यानंतर फार दिवस ते राहिले नाहीत, वि. सं. १७०१ मध्ये त्यांचे स्नेही जगजीवन यांनी त्यांच्या विखुरलेल्या रचना ‘बनारसी विलास’ या नावाने एकत्र केल्या.

ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी आपले गुण आणि दोष दोन्ही मोजून दिले आहेत. दोषांच्या यादीत एका दुकानदाराने दुसऱ्या दुकानदाराला सांगावी अशी एक गोष्ट आहे, ती अशी, की थोडा नफा झाला की आपल्याला फार हर्ष होतो आणि अल्प तोटा झाला की फार चिंता लागते. आणखी एक गोष्ट आहे. एकांत मिळाला, आजूबाजूस कोणी नाही असे पाहिले, की ते उठून नाचू लागत. नऊ अपत्ये गेलेला, केस पिकलेला मनुष्य, आग्र्याच्या घरात, दार लावून.

ते पान मी गेल्या पर्युषणात त्या व्यापारी मित्राच्या घरी जाऊन त्यांना वाचून दाखवले. वीस वर्षांपूर्वीच्या त्या वाक्याबद्दल क्षमाही मागितली. ते काही बोलले नाहीत. पुस्तक मात्र त्यांनी ठेवून घेतले आहे, अद्याप परत आलेले नाही.